इंग्लंडचा आद्य मुद्रक : विल्यम कॅक्स्टन

इंग्रजी ही एकच भाषा आहे आणि ती सर्वत्र एकाच तऱ्हेने बोलली जाते, अशी आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. पाठ्यपुस्तकातील इंग्रजीच तेवढे वाचनात आल्यावर दुसरे काय होणार? परंतु ज्या गृहस्थाने इंग्रजीतील पहिले पुस्तक छापले, त्याच्यापुढे मोठी अडचण उभी राहिली ती हीच, की छापावयाचे ते कोणते इंग्रजी?

विल्यम कॅक्स्टनचा जन्म १४२२ च्या सुमारास केंट परगण्यातील वील्ड नावाच्या रानवट भागात झाला. आपली जन्मभूमीची बोली ओबडधोबड होती, हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. १४३८ मध्ये तो लंडनच्या रॉबर्ट लार्ज नामक धनाढ्य कापड-व्यापाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. धनी वारल्यानंतर काही वर्षांनी तो फ्लँडर्समधील ब्रूज या भरभराटीच्या नगरीत गेला आणि कर्तबगारीच्या बळावर तेथील इंग्रज व्यापाऱ्यांचा मुख्य झाला. आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्याने परदेशी काढली.

१४६९ मध्ये त्याने ट्रॉयच्या कथांचा एक फ्रेंच ग्रंथ इंग्रजीत आणावयास घेतला. पण काही पाने लिहून होताच त्याचा धीर सुटला आणि ती पाने तशीच पडून राहिली. पुढे बर्गंडीची डचेस मार्गारेट हिने ती पाहिली. ही इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची बहीण. तिने कॅक्स्टनच्या इंग्रजीतील दोष दाखविले, ते सुधारण्यास सांगितले आणि ग्रंथ पुरा करण्याची आज्ञा केली. पन्नाशीच्या घरातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याने मातृभाषेतील चुका निमूटपणे दुरुस्त केल्या, हे मला त्याच्या चरित्रातील मोठे भूषण वाटते. १४७१ मध्ये भाषांतर संपले. प्रतींची मागणी होऊ लागली. पण लिहून लिहून हात थकला होता, दृष्टी मंदावली होती. तेव्हा त्याने कोलोन येथे मुद्रणकला शिकून घेतली आणि १४७३-७४ च्या सुमारास हाच ग्रंथ फ्लँडर्समध्ये छापला. इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक ते हेच.

१४७६ मध्ये स्वदेशी परतून त्याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. (आपल्या गोव्यात मुद्रणयंत्र उतरले ते त्यानंतर ८० वर्षांनी, १५५६ मध्ये.) चॉसरच्या कँटरबरीच्या कथा त्याने छापल्या, १४८५ मध्ये मॅलरीची आर्थर राजाची कथा छापली. पण आपल्याला येथे पाहावयाची आहे ती १४९० मधील एका ग्रंथाची प्रस्तावना. ईनियसच्या कथेचे फ्रेंचवरून केलेले भाषांतर छापताना त्याने तीत एक प्रसंग नमूद केला आहे.

काही व्यापारी टेम्स नदीतून झीलंडकडे निघाले होते. वारा पडला, गलबत अडले, तेव्हा ते केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यापैकी शेफील्ड नावाचा व्यापारी एका घरी गेला आणि खावयास ‘एग्ज’, म्हणजे अंडी, मागू लागला. घरची बाई म्हणाली की मला फ्रेंच येत नाही! व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते, त्याला अंडी हवी होती. अखेर दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हा शब्द उच्चारला, आणि बाईला सारे उमगले. दोघेही इंग्रज, दोघांचे शब्दही इंग्रजीच! ‘एग’ हा शब्द उत्तरेत वसलेल्या नॉर्स लोकांचा, ‘आयरेन’ हा दक्षिणेकडील जुना. ही हकीकत वाचताना मला हसू आले खरे, पण फार वेळ नाही. आमच्या घरी कोकणीत अंड्याला ‘तांतीं’ म्हणतात. हा शब्द पुण्याच्या दुकानात उच्चारला, तर दुकानदाराची मुद्रा त्या बाईहून निराळी होणार नाही.

कॅक्स्टनला मात्र हसून चालण्यासारखे नव्हते. बोलणारा माणूस समोरच्याची मुद्रा पाहून शब्द बदलू शकतो. खिळे जुळवून एकदा छापलेला शब्द उत्तरेत आणि दक्षिणेत तोच जाणार. काही विद्वान त्याला भारदस्त, अपरिचित शब्द वापरण्याचा आग्रह करीत. काही सद्गृहस्थ जुने घरगुती शब्द मागत. वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीने त्याला जुन्या इंग्रजीतील कागद दाखविले, तर ते त्याला इंग्रजीपेक्षा डचसारखेच वाटले. अखेर फार ग्राम्य नाही आणि फार अवघडही नाही, असा मधला मार्ग त्याने पत्करला. त्याची लेखनपद्धती काही एकसारखी नव्हती; तोच शब्द तो दोन-तीन तऱ्हांनी छापी. तरी लंडनच्या आसपासचे इंग्रजी पुस्तकांतून देशभर पसरू लागले, ते येथपासून.

१४९१-९२ च्या सुमारास तो वारला. वाळवंटातील प्राचीन तपस्व्यांच्या चरित्रांचे भाषांतर त्याने आयुष्याच्या अखेरच्या दिवशी पूर्ण केले, असे त्याचा सहायक विंकिन द वर्ड याने नोंदविले आहे. त्या बाईचा ‘आयरेन’ हा शब्द इंग्रजीतून पुढे नाहीसा झाला. ज्या फ्लँडर्समध्ये कॅक्स्टनने उमेदीची वर्षे घालविली, तेथे मात्र अंड्यांना अजूनही जवळजवळ त्याच शब्दाने ओळखतात.