चाक सुटलं, वही धरली

थर्ड इयरच्या व्हायवात एक्सटर्नल सरांनी मला विचारलं, पेटलेल्या भट्टीची उष्णता कशी मोजशील? थर्मोकपल, मी ठोकून दिलं. पण १७८२ साली कशी मोजली असतीस, या प्रश्नाला माझी विकेट पडली. त्याच संध्याकाळी लायब्ररीत मला जोसाया वेजवुड भेटला.

जन्म १७३० चा, इंग्लंडमधल्या बर्स्लेम गावी, कुंभाराच्या घरात. भावंडांत शेंडेफळ. लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, पण गुडघा कायमचा अधू झाला. तिकडे कुंभाराचं चाक पायाने फिरवायचं, म्हणजे धंद्याचं हत्यारच गेलं! मग पठ्ठ्या माती आणि ग्लेझच्या मागे लागला. १७५९ पासून प्रयोगांची वही ठेवली. प्रत्येक प्रयोगाला नंबर, आणि कृती कोणी चोरू नये म्हणून सांकेतिक खुणा. (आपली जर्नल्स सबमिशनच्या आदल्या रात्री कशी लिहिली जातात, ते इथे नको.)

फिकट भांड्यांसाठी लागायची डेव्हन आणि डॉर्सेटची बॉल क्ले. खाणीत तिचे चौकोनी ठोकळे कापत. हाताळताना कोपरे झिजून गोळे होत, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. कच्ची असताना ही माती करडी, कधी चक्क काळी. तो रंग सेंद्रिय द्रव्याचा. भट्टीत ते जळून जातं आणि मागे उरतो क्रीम रंग. कण अतिशय बारीक, त्यामुळे हवी तशी वळते आणि सुकल्यावरही मजबूत राहते. खोड एकच, आकसते फार. लॅबमध्ये नुसत्या बॉल क्लेची टाइल केली तर तिला आडवा तडा गेला. स्टॅफर्डशायरचे कुंभार तिच्यात भाजून दळलेली गारगोटी मिसळत. वेजवुडने हेच मिश्रण आणि ग्लेझ सुधारत नेलं. १७६५ मध्ये राणी शार्लटने चहाचा सेट मागवला आणि त्या भांड्यांना 'क्वीन्स वेअर' नाव मिळालं.

माती यायची जहाजाने लिव्हरपूलकडे, पुढे खराब रस्ते. म्हणून त्याने ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी जिवाचं रान केलं. १७६६ साली पहिली कुदळ त्यानेच मारली. १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला, तोही भूल न देता, कारण तेव्हा भूल नव्हतीच. पुढच्याच वर्षी कालव्याच्या मार्गावर त्याचा एट्रुरिया कारखाना सुरू झाला. मला तर वाचतानाच घाम फुटला.

आता सरांचा प्रश्न. वेजवुडने मातीची खोडच कामाला लावली. मातीचा छोटा तुकडा भट्टीत ठेवायचा, मग काढून निमुळत्या खाचेत सरकवायचा. जितका जास्त आकसला तितका आत जाणार, तितकी भट्टी तापलेली. १७८२ मध्ये हे त्याने रॉयल सोसायटीपुढे मांडलं, १७८३ मध्ये फेलो झाला. अंशांचं गणित त्याचं चुकलं, आकडे भलतेच मोठे आले. पण कालची आणि आजची भट्टी तुलना करायला ते पुरेसं होतं.

३ जानेवारी १७९५ ला तो गेला. हॉस्टेलच्या वॉशबेसिनमध्ये आजही बॉल क्ले असते, सोबतीला चायना क्ले, क्वार्ट्ज आणि फेल्डस्पार. माझी तडकलेली टाइल टेबलावर आहे. पुढच्या घाण्यात क्वार्ट्ज घालून बघतोय, आणि या वेळी वहीत नंबर टाकलाय.