बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स मन्रो ऊर्फ बर्ट मन्रो (२५ मार्च, इ.स. १८९९:इन्व्हरकार्गिल, न्यू झीलंड - ६ जानेवारी, इ.स. १९७८:इन्व्हरकार्गिल, न्यू झीलंड) हे न्यू झीलंडचे मोटारसायकल शर्यतपटू आणि स्वयंशिक्षित कारागीर होते. इ.स. १९२० मध्ये घेतलेली इंडियन स्काउट ही मोटारसायकल त्यांनी जवळजवळ आयुष्यभर जवळ ठेवली आणि घरच्या घरी फेरबदल करीत तिचा वेग मुळाच्या तिपटीहून अधिक वाढवला. इ.स. १९६७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या वर्गात वेगाचा उच्चांक प्रस्थापित केला. इंडियन हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथील मोटारसायकल कंपनीचे नाव होते. तिचा भारताशी संबंध नाही.

प्रारंभिक जीवन

मन्रो यांचे बालपण न्यू झीलंडच्या दक्षिण टोकाकडील साउथलंड प्रांतात, एडनडेल येथील कुटुंबाच्या शेतावर गेले. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. वेगाची ओढ त्यांना लहानपणापासून होती. घरच्यांना ती फारशी रुचत नसे, तरीही शेतावरील सर्वांत वेगवान घोड्यावर स्वार होण्याचा त्यांना छंद होता. इ.स. १९१५ मध्ये त्यांनी डग्लस ही ब्रिटिश मोटारसायकल घेतली. काही काळ त्यांनी ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या बांधकामावर काम केले. नंतर वडिलांनी त्यांना शेतीसाठी परत बोलावले. इ.स. १९१९ मध्ये त्यांच्याकडे साइडकार जोडलेली क्लायनो ही गाडी आली. साइडकार काढून टाकून त्यांनी ती फोर्ट्रोझच्या धावपट्टीवर पळवली. गाडीचा अनावश्यक भार उतरवून वेग मिळवण्याची त्यांची पुढील आयुष्यातील रीत येथेच दिसते.

त्यांच्या नावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग मुळात निराळे होते. इ.स. १९५७ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने ते चुकीचे छापले आणि मन्रो यांनी तेच स्वीकारले. देवनागरीत दोन्ही रूपे सारखीच लिहिली जात असल्याने हा फरक मराठी वाचकाच्या ध्यानात येत नाही.

इंडियन स्काउट

चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने रचना केलेली स्काउट ही सुमारे ६०० घनसेंटिमीटरच्या, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर बसवलेल्या इंजिनाची मोटारसायकल होती. मन्रो यांनी घेतली तेव्हा तिचा कमाल वेग ताशी सुमारे ५५ मैल (सुमारे ८९ किमी) होता. दैनंदिन वापरासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी ती भरवशाची मानली जाई. शर्यतीची गाडी म्हणून ती बनवलेली नव्हती.

इ.स. १९२६ च्या सुमारास मन्रो यांनी तिच्यात फेरबदल करण्यास आरंभ केला. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. या रचनेत हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाला वळसा घेऊन आत जावे लागते आणि ज्वलनकक्ष पसरट राहतो. त्यामुळे इंजिनाच्या शक्तीवर लवकर मर्यादा येते. मन्रो यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर आणणारी रचना स्वतःच तयार केली आणि दोन कॅमच्या जागी चार कॅम बसवले. पिस्टन ते जुन्या डब्यांत धातू ओतून घडवीत. सिलिंडर त्यांनी बिडाच्या जुन्या गॅसनळीतून कोरून काढले, तर कनेक्टिंग रॉडसाठी ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद वापरले. मोजमापासाठी चाकाच्या जुन्या आरीपासून बनवलेले साधन त्यांच्याजवळ असे. फ्लायव्हील, वंगणाची व्यवस्था आणि क्लच यांतही त्यांनी आपल्या पद्धतीने बदल केले.

ही काटकसर म्हणजे हौस नव्हती. त्यांच्याजवळ पैसा बेताचाच होता आणि साउथलंडमध्ये शर्यतीच्या सुट्या भागांचा बाजारही नव्हता. पुढे इ.स. १९५३ मध्ये इंडियन कंपनीचा स्प्रिंगफिल्डमधील कारखानाच बंद पडला. जुन्या गाडीचा भाग तुटला की तो स्वतः घडवायचा किंवा गाडी सोडून द्यायची, एवढेच पर्याय उरले होते. इंजिनाची शक्ती वाढली की पूर्वी पुरेसा असलेला एखादा भाग तुटे. तो मजबूत केला की त्याच्या पुढचा तुटे. अशा निकामी भागांनी त्यांच्या गॅरेजमधील फळ्या भरल्या होत्या आणि तो संग्रह वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य असल्याचा मजकूर त्यांनी तेथे लिहून ठेवला होता.

मन्रो मोटारसायकल विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून नोकरी करीत. रात्रभर गॅरेजमध्ये काम करून ते सकाळी नोकरीवर हजर होत. या दिनक्रमाची झळ संसाराला बसली. त्यांना चार अपत्ये होती; पुढे पती-पत्नी विभक्त झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडून ते गॅरेजमध्येच राहू लागले. स्काउटबरोबरच इ.स. १९३६ ची ५०० घनसेंटिमीटरची व्हेलोसेट ही गाडीही त्यांनी अशाच रीतीने बदलत नेली.

इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा हे त्यांचे मुख्य चाचणीक्षेत्र होते. ओहोटीनंतर उघडी पडणारी तेथील घट्ट वाळू लांब धावेला सोयीची असे. इ.स. १९४० मध्ये त्यांनी खुल्या रस्त्यावर ताशी १२०.८ मैल (१९४.४ किमी) आणि इ.स. १९५७ मध्ये किनाऱ्यावर ताशी १३१.३८ मैल (२११.४ किमी) असे न्यू झीलंडचे उच्चांक नोंदवले.

बॉनव्हिल

मन्रो एकूण दहा वेळा बॉनव्हिलला गेले. पहिली फेरी केवळ पाहणीसाठी होती. या प्रवासांसाठी ते वर्षानुवर्षे पैसे साठवीत, मालवाहू जहाजाने अमेरिका गाठत आणि तेथे एखादी स्वस्त, वापरलेली मोटार विकत घेऊन तिच्यामागे मोटारसायकल ओढून नेत.

इ.स. १९६२ मध्ये ८५० घनसेंटिमीटरपर्यंत वाढवलेल्या इंजिनावर त्यांनी ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गात ताशी सुमारे १७९ मैल (२८८ किमी) वेगाचा उच्चांक केला. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षे, तर गाडीचे ४२ वर्षे होते. इ.स. १९६६ मध्ये ९२० घनसेंटिमीटरच्या इंजिनावर ताशी १६८.०७ मैलांचा आणि इ.स. १९६७ मध्ये ९५० घनसेंटिमीटरच्या इंजिनावर ताशी १८३.५९ मैलांचा वेग नोंदवला गेला. पात्रतेसाठीच्या एका एकेरी धावेत त्यांनी ताशी १९०.०७ मैल (३०५.९ किमी) वेग गाठला होता, परंतु उच्चांकासाठी उलटसुलट अशा दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरली जात असल्याने तो आकडा उच्चांक ठरला नाही.

हवेचा विरोध कमी करण्यासाठी त्यांनी गाडीला माशासारख्या निमुळत्या आकाराचे फायबरग्लासचे कवच बसवले होते. स्वार त्यात जवळजवळ पालथा पडून गाडी चालवी. कवचामुळे वेग वाढला, पण स्थिरता कमी झाली. मोठ्या वेगात गाडीला थरथर सुटे आणि ती मार्गदर्शक काळ्या रेषेपासून भरकटे. इ.स. १९६७ मधील एका धावेत ही थरथर आवरण्यासाठी मन्रो उठून बसले. वाऱ्याच्या झोताने त्यांचा चष्मा उडाला आणि त्यांना काही दिसेनासे झाले. मैदानातील एक पोलादी खूण थोडक्यात चुकली. अखेर त्यांनी गाडी मुद्दाम आडवी घातली. किरकोळ खरचटण्यावर निभावले. इंजिनाची शक्ती वाढवण्यात त्यांना जितके यश आले, तितके त्या शक्तीला गाडीचा तोल जुळवण्यात आले नाही, असे या प्रसंगावरून म्हणता येते.

अखेरची वर्षे

उतारवयात मन्रो यांना हृदयविकाराचा त्रास होता. इ.स. १९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर शरीर पूर्वीसारखे साथ देईना. दोन्ही गाड्या साउथलंडमध्येच राहाव्यात या इच्छेने त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधील हार्डवेअर व्यावसायिक नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी, इ.स. १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो यांच्या हयातीतच त्यांच्यावर माहितीपट केला होता. त्यांचाच 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट इ.स. २००५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. चित्रपटात अनेक फेऱ्यांमधील घटना एकाच प्रवासात गुंफल्या आहेत, त्यामुळे त्यातील तपशील जसेच्या तसे चरित्र म्हणून घेता येत नाहीत. इ.स. २००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

इ.स. १९६७ च्या उच्चांकाच्या सरासरीत गणिताची चूक असल्याचे मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आले. इ.स. २०१४ मध्ये संघटनेने ती दुरुस्त केली आणि उच्चांक ताशी १८४.०८७ मैल (२९६.२६ किमी) असा नोंदवला गेला.

साउथलंडमध्ये 'बर्ट मन्रो चॅलेंज' या नावाने मोटारसायकल शर्यतींचा महोत्सव भरतो आणि त्यात ओरेटी किनाऱ्यावरील शर्यतीचाही समावेश असतो.