कॉलेजच्या नावामागचा माणूस

इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनसाठी कॉलेजांची यादी करताना ‘वालचंद’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी लिहिलेलं असतं. एक सांगलीत, एक सोलापुरात. पण हे वालचंद कोण, असं विचारलं की बहुतेक जण गप्प!

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. पिढीजात व्यापारात मन रमेना, म्हणून त्यांनी रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट त्यांना नीट कळली. या देशात धंदा करायचा, तर सरकारला वगळून चालणार नाही. आणि सरकार होतं इंग्रजांचं.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ जहाज विक्रीला होतं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार जमवून ते घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला जहाज मुंबईहून लंडनला निघालंसुद्धा.

पुढे जे झालं, ते डिस्काउंट देणारी ॲप्स वापरणाऱ्यांना लगेच कळेल. बड्या ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर धडाधड पाडले. त्यांचे खिसे खोल होते, त्यामुळे तोटा सोसणं त्यांना परवडत होतं. सिंदियाचं भांडवल मात्र आटत चाललं. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने भारताच्या किनाऱ्यापुरतं राहायचं, परदेशी मार्गांवर यायचं नाही. म्हणजे ज्या लंडनच्या वाटेसाठी हा खटाटोप केला, तीच सोडायची!

ही हार होती का? त्या दिवशी तरी होतीच. पण कंपनी जिवंत राहिली. समोरच्याच्या हातात पैसा आणि सत्ता दोन्ही असताना कुठे माघार घ्यायची, हे ठरवणं हासुद्धा मॅनेजमेंटचाच भाग आहे.

आणि वालचंद गप्प बसले नाहीत. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ जहाज विशाखापट्टणमच्या पाण्यात उतरलं.

पण यातलंही बरंच हातातून गेलं. विमानांचा कारखाना युद्धकाळातच सरकारने घेतला. तोच आजचा ‘एचएएल’. जहाजांचा कारखानाही पुढे सरकारी झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले.

स्टार्टअपच्या गप्पांत आपण व्हॅल्युएशन मोजतो, कोणाचा किती टक्के हिस्सा ते मोजतो. त्या हिशोबात वालचंद कदाचित मागे पडतील. पण बंगळूरला आजही विमानं बनतात, विशाखापट्टणमला जहाजं. आणि ५ एप्रिलला देश ‘राष्ट्रीय सागरी दिन’ पाळतो, तो त्या ‘लॉयल्टी’मुळेच.