कोऱ्या कागदावरचे विमान

दुसऱ्याने आखलेल्या विमानाचे सुटे भाग जोडणे हे कौशल्याचे काम खरेच. पण पंख किती लांब असावा, वजन कोठे पडावे, हे ज्याने ठरवले त्याचेच ते विमान असते. हा भेद भारतीय विमानउद्योगाला शिकवणारे मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात १९०८ साली त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेले. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. अमेरिकेतून आलेले भाग जोडून १९४१ साली तेथे हार्लो जातीचे विमान उडाले. घाटगे यांनी मात्र त्याच कारखान्यात, युद्धकाळातच, दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. पुढे कारखाना विमानदुरुस्तीत गुंतला आणि स्वतंत्र रचनेचे काम मागे पडले. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. आराखडे करण्यासाठी आधी आराखडे करणारी माणसे हवीत, ही गरज तेथे भागू लागली.

स्वातंत्र्यानंतर वैमानिकांच्या प्राथमिक शिक्षणासाठी जुन्या टायगर मॉथची जागा घेणारे विमान हवे होते. ते परदेशातून तयार घेता आले असते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते येथेच आखले. एकामागे एक दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांपैकी काही घाना देशालाही मिळाली. वायुदलाच्या अनेक पिढ्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरवले.

पुढे ‘पुष्पक’, ‘कृषक’ आणि १९६४ साली उडालेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान साकारले. इंजिने मात्र परदेशीच राहिली आणि स्वावलंबनाचा हा अर्धा भाग अपुराच राहिला. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. विमान जोडणारे हात देशात पूर्वीही होते. ते आखणारी परंपरा घाटगे यांनी उभी केली.