गिअर ऑईलच्या टेस्टला ज्यांचं नाव आहे, ते हेन्री टिमकेन मूळचे बग्गी बनवणारे होते

असा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आला असेल. टेबलावर एक छोटं मशीन आणि त्यात गरगर फिरणारी स्टीलची रिंग. विक्रेता लिव्हर दाबून त्या रिंगवर स्टीलचा तुकडा टेकवतो. साध्या ऑईलमध्ये लगेच कर्कश आवाज येतो आणि रिंग जाम होते. मग तो स्वतःच्या बाटलीतले चार थेंब टाकतो आणि आता कितीही जोर लावा, रिंग फिरतच राहते.

हे मशीन ज्या टेस्टची साधी नक्कल आहे, तिचं नाव टिमकेन टेस्ट. पण हा टिमकेन कोण?

हेन्री टिमकेन यांचा जन्म १८३१ चा, जर्मनीतल्या ब्रेमेन शहराजवळचा. ते ७ वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि मिसुरी राज्यात शेती करू लागलं. हेन्री यांचं मन मात्र शेतीत रमलं नाही. सोळाव्या वर्षी ते सेंट लुईस शहरात बग्गी बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकायला लागले आणि १८५५ साली त्यांनी स्वतःचा बग्गीचा धंदा सुरू केला.

तेव्हाचे रस्ते म्हणजे खाचखळगेच. बग्गीत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. टिमकेन यांनी त्यावर एक खास स्प्रिंग शोधली आणि १८७७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ही स्प्रिंग तुफान चालली. दुसरे कारखानदारही ती वापरायला लागले आणि रॉयल्टीचा पैसा येत राहिला. १८८७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ते निवृत्त होऊन कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला राहायला गेले.

पण त्यांना स्वस्थ बसवेना. ते पुन्हा कामाला लागले. यावेळी डोक्यात होतं चाक.

गाडी सरळ जाते तेव्हा आसावर वजन वरून खाली येतं. वळणावर मात्र चाकाला बाजूनेही रेटा बसतो. साधे गोल रोलर वरचं वजन पेलायचे, पण बाजूच्या रेट्याने झिजायचे. टिमकेन यांनी रोलर निमुळते केले, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. त्यामुळे दोन्ही दिशांचा भार एकच बेअरिंग पेलू लागलं. नात्यातल्या रेजिनाल्ड हाईन्झेलमन यांच्यासोबत १८९८ मध्ये त्यांनी याचं पेटंट मिळवलं. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत हेच टेपर बेअरिंग.

१८९९ मध्ये कंपनी उभी राहिली आणि दोन-तीन वर्षांतच ती ओहायोमधल्या कँटनला हलली. एका बाजूला मोटारींचं डेट्रॉईट, दुसऱ्या बाजूला पोलादाचं पिट्सबर्ग, अशी ती मोक्याची जागा. टिमकेन १९०९ मध्ये सॅन डिएगोत वारले. पुढचा कारभार मुलांनी वाढवला. आज भारतातही जमशेदपूरला या कंपनीचा कारखाना आहे.

मग ऑईलची टेस्ट कुठून आली?

१९२० च्या दशकात मोटारींमध्ये हायपॉईड गिअर आले. यात दात एकमेकांवर फिरतातच, पण जोरात घासतातही. एवढ्या दाबाखाली साध्या ऑईलचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं. म्हणून ऑईलमध्ये गंधक, फॉस्फरस यांची रसायनं घालायला लागले. घर्षणाने तापलेल्या जागी ती धातूवर पातळ थर तयार करतात. हेच इपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर ऑईल.

ते किती दाब सोसतं हे मोजायला टिमकेन कंपनीने १९३० च्या दशकात मशीन बनवलं. त्यात फिरणारी रिंग म्हणजे टेपर बेअरिंगचीच बाहेरची रिंग. ती मिनिटाला ८०० फेरे घेते, तिच्यावर ऑईल सोडतात आणि स्टीलचा ठोकळा १० मिनिटं दाबून धरतात. ठोकळ्यावर ओरखडे उठले नाहीत तर वजन वाढवून पुन्हा तेच. ओरखड्यांशिवाय पेललेलं सगळ्यात जास्त वजन म्हणजे ‘टिमकेन ओके लोड’. हा आकडा पौंडांत देतात आणि इपी ग्रीसच्या माहितीपत्रकात तो आजही दिसतो.

आता पुन्हा त्या व्हिडिओकडे या. ओके लोडवरून इपी क्षमता कमी, मध्यम की जास्त एवढं कळतं. तुमच्या गाडीत ते ऑईल किती वर्षं टिकेल, हे कळत नाही. क्लोरीनयुक्त रसायन या मशीनवर भाव खाऊन जातं, पण इंजिनमधल्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यातून आम्ल तयार होऊन धातू गंजू शकतो. शिवाय इंजिनच्या मुख्य बेअरिंगमध्ये एरवी ऑईलचा पुरेसा थर असतो. तिथे असं घासणं सहसा होतच नाही.

गिअरबॉक्समध्येही जास्त इपी म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. हायपॉईड गिअरसाठीच्या जीएल-५ ऑईलमध्ये इपी रसायनं जास्त असतात. अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगला त्यातली काही ऑईल सोसत नाहीत, म्हणून तिथे जीएल-४ सांगितलेलं असतं.

टिमकेन यांचं बेअरिंग यशस्वी झालं, कारण चाकावर कोणता भार कुठून येतो हे त्यांनी आधी ओळखलं. ऑईल घेतानाही तेच बघायचं. लिव्हरचा खेळ बघून बाटली उचलण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणता ग्रेड लिहिलाय ते वाचा.