सुभेदारांच्या घरातील बॅरिस्टर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी साजरी होते. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांची थोरवी आपल्या मुलांना पाठ आहे. परंतु ते ज्या घरात वाढले ते शिपायांचे घर होते, ही गोष्ट बहुतेक व्याख्यानांत एका वाक्यात उरकली जाते. या स्मरणिकेत आम्ही त्या घराविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे सकपाळांचे मूळ गाव. आजोबा मालोजी कंपनीच्या फौजेत होते. वडील रामजी सैन्यातच शिकले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होऊन सुभेदार पदापर्यंत पोहोचले. आई भीमाबाई या मुरबाडकरांच्या. त्यांच्या माहेरीही सुभेदारी नांदत होती. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्या मुलाबाळांना छावणीत मात्र सक्तीने अक्षरे शिकविली जात. १४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत जन्मलेले भीमराव हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. त्यांच्या थोरवीचे मूळ शोधताना आम्हाला हे छावणीतील शिक्षण फार महत्त्वाचे वाटते.

हेच दार पुढल्याच वर्षी सरकारने लावून घेतले. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. त्याविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे धाव घेतल्याचे चरित्रकार नोंदवितात. बंदी काही उठली नाही. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाई निवर्तल्या आणि मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले.

मुंबईतील परळच्या चाळीतली एकच खोली आता पाहू. स्वयंपाक, झोप, अभ्यास सारे तेथेच. कबीरपंथी रामजी मुलाला लवकर निजवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. तोवर स्वतः जागत. भीमरावांना पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळताच सोडवून परत देत. थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली. तुळसा आणि मंजुळा या बहिणींची नावे आपल्या किती मुलांना ठाऊक आहेत?

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. या देणगीचे मोल ४९ वर्षांनी नागपुरात कळावयाचे होते.

बी. ए. झाल्यावर ते बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुलाच्या पाठीवरून हात फिरवून सुभेदारांनी प्राण सोडला.

पुढील कोलंबिया आणि लंडन सर्वांना माहीत आहे. १९१७ मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांचे लष्करी सचिव नेमलेल्या या विद्वानास राहावयास घर मिळाले नाही. पारशी निवासातूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. पाण्याच्या घोटासाठी दहा वर्षे कागदपत्रे लढली, हे आमच्या मुलांनी सत्याग्रहाबरोबरच वाचावे.

या काळात घर सांभाळले माता रमाईंनी. पती परदेशी, हाती पैसा नाही, आणि गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक गेली. उरले यशवंत. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले.

सुभेदारांना न मिळालेला न्याय मुलाने राजकारणातून मिळविला. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर होते. भरतीसाठी त्यांनी सतत मागणी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. रामजींच्या मृत्यूस तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

मजूरमंत्री, कायदेमंत्री, घटनेचा मसुदा, हिंदू कोड बिलावरून १९५१ चा राजीनामा हा भाग या स्मरणिकेत अन्यत्र येतो, म्हणून येथे नोंदच करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी पत्नी डॉ. सविता यांच्यासह धम्मदीक्षा घेतली. यवतमाळच्या अनेक घरांचा इतिहास त्याच दिवसापासून सांगितला जातो. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी स्तूप उभारण्यासाठी यशवंतराव, आपले भैय्यासाहेब, पुढे कित्येक वर्षे झटले.