मराठीचे पाणिनी सुरतेत : दादोबा पांडुरंग

ग्रंथालयाचा वाचक शाळेत घडतो. माध्यमिक वर्गात पोहोचलेला मुलगा अक्षर ओळखतो, ओळ उच्चारतो, पण वाक्याचा अर्थ त्याच्या हाती लागत नाही; असा मुलगा पुढे ग्रंथालयाची पायरी सहसा चढत नाही. अशा अडखळणाऱ्या वाचकासाठी मराठीत ज्यांनी प्रथम शास्त्रशुद्ध साधन तयार केले, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे स्मरण या शताब्दीप्रसंगी उचित ठरेल.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. पंतोजींच्या शाळेतील घोकंपट्टी आणि नव्या इंग्रजी विद्येची शिस्त या दोन्हींचा अनुभव त्यांनी घेतला. इंग्रजी शिकताना त्या भाषेचे व्याकरण हाती येई, परंतु मातृभाषेचे व्याकरण शिकावे तर विद्यार्थ्याला सोयीचे पुस्तकच नव्हते. १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले आणि ही उणीव दूर केली. त्याच वर्षी त्यांचे मराठी नकाशांचे पुस्तकही निघाले. व्याकरणाची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५० मध्ये आली.

काही काळ जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून माळव्यात राहिल्यावर, १८४० नंतरच्या दशकात दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापक म्हणून आले. त्या काळची सुरत कोटाच्या आत होती. आज हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेले कतारगाम तेव्हा कोटाबाहेर उत्तरेस असलेले खेडे होते. त्याच्या नावाचा दरवाजा शहराला होता. शिक्षक मराठी, मुले गुजराती आणि पुस्तक इंग्रजी, असा त्रिवेणी संगम दादोबांच्या वर्गात रोज होत असे.

या नगरीत त्यांना दुर्गाराम मेहताजींसारखा समानधर्मी स्नेही लाभला. गुजराती शाळेचे हे शिक्षक पुस्तकांच्या प्रसारासाठी मंडळी स्थापून धडपडत होते. २२ जून १८४४ रोजी दोघांनी इतर सहकाऱ्यांसह मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, मूर्तिपूजा, भूतखेत व जादूटोणा यांवर तेथे उघड चर्चा होई. वाचलेले पारखून घ्यावे, ही शिक्षकाची शिकवण सभेने वर्गाबाहेर नेली. दादोबा मुंबईस परतल्यावर तिचा जोर ओसरला. मात्र १८४९ मधील मुंबईच्या परमहंस सभेच्या रूपाने ते कार्य पुढे चालले.

१८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकर निवर्तले आणि त्याच वर्षी मुंबईच्या नॉर्मल क्लासची धुरा दादोबांकडे आली. मराठी शाळांसाठी शिक्षक घडविणे हे या वर्गाचे काम होते. विद्यार्थी अडखळतो तेव्हा तो नेमका कोठे अडखळतो हे शिक्षकाला उमगले पाहिजे, आणि ते उमगण्यासाठी भाषेची घडण त्याला ठाऊक हवी. व्याकरणकार आणि शिक्षकांचा शिक्षक या दादोबांच्या दोन भूमिका येथे एकरूप झाल्या. सरकारी मराठी शाळांचे सुपरिंटेंडेंट म्हणूनही त्यांनी काम पाहिले. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादुर किताबाचे मानकरी ठरले. पण भाषेचा व्यासंग सुटला नाही. १८६५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लघुव्याकरण आणि मोरोपंतांच्या केकावलीवरील यशोदापांडुरंगी ही टीका प्रसिद्ध झाली. एक नवशिक्यासाठी, दुसरी जाणत्या वाचकासाठी. दोन्हींचा हेतू अर्थ उलगडण्याचाच. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये प्रकाशात आणले.

दादोबांच्या विचाराची गरज सुरतेइतकी अन्यत्र क्वचितच जाणवेल. कतारगामपासून उधन्यापर्यंत पसरलेल्या या शहरात महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. खानदेशातून आलेल्या कुटुंबातील मूल घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात प्रमाण मराठी ऐकते. गुजरातीत ‘घोडाने’ म्हणजे ‘घोड्याला’. मराठीत ‘घोड्याने’ म्हटले की घोडा करणारा ठरतो. प्रत्यय एकच, अर्थ निराळा. असे मूल वाक्य बिनचूक उच्चारूनही त्याचा उलटा अर्थ करू शकते. त्याला मंद ठरविणे अन्यायाचे आहे. कर्ता कोणता, क्रियापद कोणते, प्रत्यय काय सांगतो, हे त्याच्या शेजारी बसून उकलून दाखविले तर तेच मूल पुढचे पान स्वतः वाचू लागते.

व्याकरण म्हणजे परीक्षेतील रुक्ष गुणांचा विषय, अशी समजूत रूढ आहे. दादोबांनी मात्र ते विद्यार्थ्याला आपली भाषा उमगावी म्हणून रचले. त्यांच्या ग्रंथांचा ज्यांना वारसा लाभला, त्या ग्रंथालयांनी आणि वाचकांनी आपल्या परिसरातील माध्यमिक शाळेतल्या अशा एखाद्या मुलासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवला, तर ते ऋण काही अंशी तरी फिटेल.